रिओच्या त्या तिघी, आणि मागून आलेला नियम

तिसरा_लॅप

रिओ ऑलिंपिक, २० ऑगस्ट २०१६, महिलांची ८०० मीटर अंतिम शर्यत. सुवर्ण दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याला, वेळ १ मिनिट ५५.२८ सेकंद. रौप्य बुरुंडीच्या फ्रान्सीन नियोन्साबाला, कांस्य केनियाच्या मार्गारेट वाम्बुईला. पाच वर्षांनी टोकियोत ८०० मीटरच्या स्टार्टला या तिघींपैकी एकही उभी नव्हती. उत्तेजकं घेताना कुणी सापडली नव्हती की कुणाचा पाय मोडला नव्हता. मधल्या काळात महिला गटात टेस्टोस्टेरॉन (पुरुषांत जास्त असणारं संप्रेरक) किती चालेल, तो नियम बदलला होता.

मागे इथल्याच एका धाग्यावर "आफ्रिकन लोकांच्या रक्तातच धावणं असतं, त्यांना कसले कष्ट" असा प्रतिसाद वाचला. तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो, पण ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

सेमेन्या लिंपोपो प्रांतातल्या खेड्यातली. २००९ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत अठराव्या वर्षी १:५५.४५ वेळ देऊन जिंकली. अंतिम शर्यतीच्याच दिवशी बातमी फुटली की जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने तिची लिंगचाचणी मागवली आहे. ही गोष्ट गुप्त राहायला हवी होती. झालं उलटंच, जगभरच्या पेपरांत तिचा आवाज, खांदे, जबडा यांवर चर्चा रंगली. मग बरेच महिने स्पर्धा बंद, आणि जुलै २०१० मध्ये परत परवानगी. त्यासाठी टेस्टोस्टेरॉन खाली आणणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागत होत्या, हे आपल्याला खूप नंतर कळलं. ताप, मळमळ, पोटदुखी हे सगळं तिने पुढे सांगितलं आहे.

त्या गोळ्यांच्या काळातलं २०१२ चं लंडन ऑलिंपिक बघा. सेमेन्या दुसरी, रशियाची मारिया साविनोवा पहिली. पुढे साविनोवाचं उत्तेजकांचं प्रकरण बाहेर आलं, पदक काढून घेतलं आणि सुवर्ण सेमेन्याकडे आलं. म्हणजे त्या रात्री बाहेरून औषध घेणारी वरच्या पायरीवर होती, आणि स्वतःच्या शरीरातलं कमी करायला औषध घेणारी तिच्या खालच्या.

२०१५ मध्ये आपल्या द्युती चंदने लुझानच्या क्रीडा लवादात टेस्टोस्टेरॉनची मर्यादा घालणारा जुना नियम स्थगित करून घेतला. लवाद म्हणाला, टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो याचा पुरावा दोन वर्षांत आणा. महासंघाशी संबंधित संशोधकांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या महिलांना सर्वांत मोठा फायदा दिसला तो हातोडाफेक आणि पोल व्हॉल्टमध्ये. २०१८ च्या नव्या नियमात मात्र ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यती. हातोडा नाही, पोल व्हॉल्ट नाही, पण ज्या १५०० मीटरमध्ये त्या अभ्यासाला तसा फायदा दिसला नव्हता ती मात्र आहे. २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापून आली, की हे निष्कर्ष प्राथमिक आहेत, कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत. तोवर टोकियो उरकलं होतं.

मे २०१९ मध्ये सेमेन्याच्या दाव्यावर लवादाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल दिला. नियम भेदभाव करणारा आहे, पण तो आवश्यक आहे, असं निकालातच लिहिलंय. दोनच दिवसांनी दोहाला सेमेन्या १:५४.९८ धावली. त्यानंतर जागतिक स्पर्धेत किंवा ऑलिंपिकमध्ये तिला ८०० मीटर धावता आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. नियम कागदावर सगळ्या बायकांना सारखा होता, पण तपासायचं कुणाला, हे संशयावर ठरत होतं. आणि संशय कुणाचा येतो? रिओत पाचवी आलेली पोलंडची योआन्ना युझ्विक शर्यतीनंतर म्हणाली की आपण पहिल्या युरोपियन आणि दुसऱ्या गोऱ्या ठरलो याचा तिला आनंद आहे. घड्याळात ती पाचवी होती.

तुमची मतं वाचायला आवडतील. सेमेन्याला सर्वनामावरून हिणवणारे प्रतिसाद नकोत, ही विनंती.

कोकणकडा

द्युतीच्या बाबतीत एक भर. नवा नियम ४०० मीटरपासून सुरू, द्युती १०० आणि २०० वाली. म्हणजे ती लढली, सुटली, आणि जाळं पुढे सरकून आफ्रिकेतल्या मुलींवर पडलं. नंतर तिने सेमेन्याला आपली वकिलांची फौज देऊ केली होती. तिची बाजू लढवणारे कॅनडातले वकील पुढे सेमेन्याच्या बाजूनेही उभे राहिले.

आणि शांती सुंदरराजन? तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची. २००६ दोहा आशियाई स्पर्धा, ८०० मीटर रौप्य. चाचणी झाली, पदक गेलं, आणि तिला ते टीव्हीवरून कळलं. नंतर वीटभट्टीवर काम करत होती. तेव्हा कोण बोललं होतं आपल्याकडे?

माजी_आठशे

धागा चांगला आहे, पण बाजू एकच आलीय म्हणून लिहिते. मी स्वतः सांगलीकडची, ८०० मीटर राज्य पातळीवर धावले आहे. माझ्या वेळा सांगण्यासारख्या नाहीत. तरी सिंडर ट्रॅकवर शेवटच्या दीडशे मीटरला छातीत काय होतं ते मला ठाऊक आहे.

महिलांचा गट वेगळा का आहे? पुरुषांबरोबर पळवलं तर आम्ही अंतिम फेरीतही दिसणार नाही, म्हणून. त्या गटाला कुठेतरी कुंपण लागणारच. कुंपण कुठे घालायचं यावर भांडा, पण ते नकोच असं म्हणणार असाल तर रिओत सहावी आलेल्या ब्रिटनच्या लिन्सी शार्पचं रडणं मला समजतं. ती काही वर्णद्वेषातून रडली नव्हती. चार वर्षं सकाळ-संध्याकाळ घासून तुम्ही स्टार्टला उभे राहता आणि पहिल्या तीन जागा लागलेल्या आहेत असं तुम्हाला वाटतं, ही भावना खोटी नसते. आणि पुढे त्या ट्रॅकवर येणाऱ्या केनिया-इथिओपियाच्या इतर मुलींचं काय? त्यांचीही पदकं जातातच की. आफ्रिका विरुद्ध गोरे अशी ही सरळ रेघ नाही.

युझ्विकचं ते वाक्य घाणेरडं होतं. त्यावर वाद नाही.

तिसरा_लॅप

ताई, मान्य. कुंपण नको असं मी म्हणत नाही. ते घालताना कुणाची पोटं फाडली गेली, ते विचारतोय. शब्दशः. युगांडाच्या अ‍ॅनेट नेगेसाबद्दल वाचा. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिक काही आठवड्यांवर असताना तिला सांगितलं गेलं की तुझं टेस्टोस्टेरॉन जास्त आहे, तू जायचं नाहीस. मग कंपालात शस्त्रक्रिया. तिचं म्हणणं असं की एवढं मोठं काही होणार याची तिला कल्पनाच नव्हती, जाग आली तेव्हा पोटावर टाके होते. आंतरराष्ट्रीय महासंघाने आपला या शस्त्रक्रियेशी संबंध नाही असं म्हटलं आहे. ती पुन्हा पूर्वीसारखी कधीच धावली नाही, आणि २०१९ मध्ये जर्मनीत आश्रय मागितला. शस्त्रक्रियेच्या वेळी ती वीस वर्षांची होती. खेडेगावातल्या विशीतल्या मुलीसमोर कागद ठेवला तर सही कुठे करायची एवढंच ती विचारते.

ओपीडीतून

वैद्यकीय बाजू थोडक्यात, कारण काही व्यक्तिगत निरोपांत विचारणा झाली आहे.

२०१९ पासूनचा नियम ज्यांच्यात एक्सवाय गुणसूत्रं (सहसा पुरुषांत असणारी) आहेत, पण जन्मतः बाह्य अवयव मुलीसारखे असल्याने ज्या मुलगी म्हणून वाढल्या, अशा ठरावीक स्थितींना लागू होता. पीसीओएसवाल्यांना (अंडाशयाचा एक सर्रास आढळणारा विकार) नाही, त्यामुळे तो गैरसमज काढून टाका. शरीर टेस्टोस्टेरॉनला अजिबात दाद देत नसेल तर त्या बाईलाही हा नियम लागत नव्हता. मर्यादा लिटरमागे ५ नॅनोमोल होती, मार्च २०२३ मध्ये ती अडीच केली आणि सगळ्याच शर्यतींना लावली. सर्वसाधारण बायकांत हा आकडा दोनच्या आतच असतो, पुरुषांत साडेसातच्या वर. मधे मोठी दरी आहे, आणि माजी_आठशे यांचा मुद्दा शास्त्राच्या अंगाने पोकळ नाही.

आता या मुली आफ्रिका-आशियातच जास्त का सापडतात? यात रक्ताचा भाग थोडा, दवाखान्याचा जास्त, असं माझं मत. श्रीमंत देशात असं मूल जन्मलं की पहिल्या काही दिवसांत किंवा वयात येताना निदान होतं. पूर्वी तर लगेच शस्त्रक्रियाच करून टाकत, मुलाला न विचारता. ती मुलगी ट्रॅकवर पोचेपर्यंत तिच्या शरीरातला प्रश्न फायलीत बंद झालेला असतो. बाळंतपण घरी, जवळचा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचा डॉक्टर) शे-दोनशे किलोमीटरवर, अशा ठिकाणी मुलीला स्वतःबद्दल पहिल्यांदा कळतं ते जागतिक स्पर्धेच्या तोंडावर. आणि मग ते जगालाही कळतं.

धागाकर्त्याशी एक मतभेद मात्र आहे. युरोपियन मुली यातून गेल्याच नाहीत असं नाही. स्पेनची अडथळा शर्यतवाली मारिया होजे मार्तिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये कोबेला गुणसूत्र चाचणीत अडकली. नाव फुटलं, शिष्यवृत्ती गेली, लग्न मोडलं. तिच्यावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नव्हता, हे सिद्ध करून १९८८ मध्ये ती परत आली. तेव्हा सगळ्याच बायकांची चाचणी होई. नव्वदच्या दशकात ती सरसकट चाचणी बंद झाली आणि 'संशय आला तर' हा प्रकार सुरू झाला. रंगाचा मुद्दा शिरला तो तिथून, असं मला वाटतं.

लेन_नंबर_८

मला आफ्रिकी धावपटूंबद्दल सहानुभूती आहे, पण आपल्यावर त्यांच्यामुळे झालेला अन्याय कुणी बोलत नाही. २०१८ जकार्ता आशियाई स्पर्धा. महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची शर्यत) सुधा सिंग रौप्य, सुवर्ण बहरीनच्या विनफ्रेड यावीला. यावी मूळची केनियाची. १०० मीटरला द्युती रौप्य, सुवर्ण बहरीनच्या ओडिओंगला, मूळ नायजेरिया. ४ बाय ४०० मिश्र रिलेत बहरीन पहिलं, आपण दुसरे. आशियाई स्पर्धा आहे की आफ्रिकी?

तिसरा_लॅप

रिलेचं सोनं नंतर आपल्यालाच मिळालं, बहरीनची केमी अदेकोया उत्तेजकांत सापडल्यावर. पण तुम्ही 'त्यांच्यामुळे' म्हणताय. करार कुणी केले? तेलाचा पैसा कुणाचा? केनियात एका शर्यतीसाठी जागतिक दर्जाची डझनभर पोरं उभी असतात, संघात जागा तीन. सतराव्या वर्षी कुणी येऊन घर, पगार आणि ऑलिंपिकची हमी दिली तर तुमच्या-माझ्या घरात काय निर्णय झाला असता?

स्टीफन चेरोनो आठवतोय? २००३ मध्ये कतारकडे गेला, सैफ सईद शाहीन झाला, त्याच वर्षी पॅरिसला स्टीपलचेसचा विश्वविजेता. पुढच्या वर्षी ७:५३.६३ चा विश्वविक्रम. आणि अथेन्स ऑलिंपिक? केनियाने परवानगी दिली नाही, तो घरी बसला. आपल्या देशाने सोडलं नाही, विकत घेणाऱ्याला पदक हवं होतं, आणि मधे तो. २०१७ मध्ये महासंघाने अशी देशांतरं थांबवली, नंतर तीन वर्षं थांबण्याची अट घालून पुन्हा सुरू केली.

माणगंगेकाठी

आमच्या माणदेशच्या ललिता बाबरचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून येतोय. रिओच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत दहावी आली होती. गाव रात्री जागं होतं. ती शर्यत जिंकली बहरीनच्या रूथ जेबेतने, मूळची केनिया. दुसरी केनियाची हायविन कियेंग. म्हणजे एकाच मातीतल्या दोघी दोन झेंड्यांखाली. जेबेतवर पुढे उत्तेजकांमुळे बंदी आली. तिला घडवणारे, नेणारे, कागद करणारे कुठे गेले ते माहीत नाही.

बीडचा अविनाश साबळे २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये अब्राहम किबिवोटच्या मागे ०.०५ सेकंदाने दुसरा आला. १९९८ पासून राष्ट्रकुलात त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. साबळेही दुष्काळी गावातला, किबिवोटही शेतकऱ्यांच्या मुलुखातला. त्या दोघांत मला तरी फार फरक दिसत नाही.

खडूस_काका

हे सगळं जुनंच आहे हो. १९०४ चं सेंट लुईस ऑलिंपिक बघा. मॅरेथॉनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना जमातीचे दोघे धावले, लेन टाउन्याने आणि यान माशियानी. ते ऑलिंपिकसाठी आलेच नव्हते. शेजारी जागतिक मेळा भरला होता, त्यात बोअर युद्धाचं प्रदर्शन होतं, त्यात यांना दाखवायला आणलं होतं. टाउन्याने नववा आला. वाटेत कुत्रा मागे लागल्यामुळे चुकीच्या दिशेला पळावं लागलं, नाहीतर अजून पुढे असता असं म्हणतात. त्याच उन्हाळ्यात तिथे 'मानववंश दिन' भरवले होते. जगभरच्या आदिवासींना सराव न देता, नियम नीट न सांगता पळायला आणि भाले फेकायला लावलं आणि मग त्यांचे आकडे कमी आले म्हणून निष्कर्ष काढले. आकडे आहेत म्हणजे शास्त्र आहे, असं समजणारे तेव्हाही होते.

फुटबॉलवाल्यांसाठी. १९६६ चा विश्वचषक आफ्रिकेने का सोडला ठाऊक आहे? सबंध आफ्रिका, आशिया आणि ओशिआनिया मिळून एक जागा. एक! बहिष्कार टाकला, तेव्हा १९७० ला हक्काची जागा मिळाली. १९८२ ला अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं. गटातली शेवटची मॅच जर्मनी-ऑस्ट्रिया, अल्जीरियाची मॅच आदल्या दिवशी संपलेली. जर्मनीने दहाव्या मिनिटाला गोल केला आणि मग ऐंशी मिनिटं दोन्ही संघ चेंडू मागे-मागे खेळत राहिले, कारण १-० ला दोघेही पुढे जात होते. सामना स्पेनमधल्या खिहोनला होता, तिथल्या प्रेक्षकांनी नोटा दाखवल्या. फिफाने निकाल कायम ठेवला. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात. नियम सुधारला, अल्जीरिया घरी गेली ती गेलीच.

वांगीपोहे

काका, पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अजून सांगा.

पोर्टलँडहून

२०२२ ची जागतिक स्पर्धा आमच्या राज्यात, युजीनला झाली. तिकिटं काढून गेलो होतो. पुरुषांच्या १०० मीटरला केनियाचा फर्डिनांड ओमान्याला बघायचा होता, ९.७७ धावलेला, आफ्रिकेचा विक्रमवीर. त्याचा व्हिसाच आला नव्हता. शेवटच्या क्षणी मिळाला, नैरोबीहून निघाला आणि प्राथमिक फेरीच्या काही तास आधी पोचला. इतक्या प्रवासानंतर फेरी पार केली, उपांत्य फेरीत गेला. प्रतिस्पर्धी आठवडाभर आधी येऊन झोपेचं घड्याळ लावून बसले होते.

आपल्यापैकी ज्यांनी आई-वडिलांच्या व्हिसासाठी मुलाखतीच्या तारखा शोधत रात्री काढल्या आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. फक्त आपल्या आई-बाबांना उतरल्या उतरल्या दहा सेकंदांत शंभर मीटर पळायचं नसतं.

नकारघंटा

सगळा दोष बाहेरच्यांचा, वा! सेमेन्याच्या प्रकरणात दक्षिण आफ्रिकेच्या महासंघाचा अध्यक्ष लेनर्ड चुएने काय बोलला होता? आम्ही तिची चाचणी केलीच नाही म्हणाला. नंतर कबूल केलं की बर्लिनला जायच्या आधी प्रिटोरियात चाचण्या झाल्या होत्या आणि आपण खोटं बोललो. आपल्याच पोरीला माहीत असूनही त्या मैदानात ढकलली.

केनियाचं रिओ पथक घ्या. भालाफेकीचा ज्युलियस येगो, बीजिंगचा विश्वविजेता, विमानतळावर पोचला तर त्याचं तिकीटच नाही. पदाधिकाऱ्यांची मात्र होती. खेळाडूंचे कपडे-बूट अधिकाऱ्यांच्या घरी सापडले. येगो तरी जाऊन ८८.२४ ला रौप्य घेऊन आला. यूट्यूबवर बघून भाला शिकलेला माणूस! (अवांतर: २०२५ मध्ये बंगळुरूला नीरजच्या स्पर्धेत तोच दुसरा आला होता.) भारतात हे होत नाही असं कुणी म्हणेल तर हसेन.

तिसरा_लॅप

नकारघंटा, चुएनेबद्दल शंभर टक्के सहमत. मूळ लेखात घालायला हवं होतं.

सिंहगड_रोड

लांबच्या गोष्टी चालल्यात, जवळची सांगतो. पुण्यात आणि आसपास रविवारी होणाऱ्या छोट्या शर्यतींत बरीच वर्षं धावतोय. पुण्यात शिकणारी आफ्रिकी मुलं कधी कधी त्यात येतात. बहुतेक जण आपल्यासारखेच हौशी, दहा किलोमीटरला तासभर घेणारे. तरी स्टार्टला कुजबुज सुरू, "केनियावाले आले, संपलं." मुलगा असतो टांझानियाचा नाहीतर सुदानचा. एका शर्यतीत असा एक जण खरंच पहिला आला, तेव्हा आयोजकांनी बक्षीस द्यायच्या वेळी त्याचं वय आणि व्हिसा तपासायला काढला. दुसऱ्या-तिसऱ्याचं काही तपासलं नाही. फोटो काढायला मात्र सगळे त्याच्या गळ्यात हात टाकून उभे. तो हसत होता. मला ते बघवलं नाही, पण मीही काही बोललो नाही तेव्हा.

मुंबई मॅरेथॉनचा विक्रम २:०७:३२, २०२३ चा, हेले लेमीचा. माणूस इथिओपियाचा, २०१६ ची बोस्टन जिंकलेला. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी आलेला फोटो "केनियन पुन्हा जिंकला" म्हणून फिरत होता.

मुरूडकर

'रक्तात असतं' वाल्यांसाठी. आमच्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. ऐंशीच्या दशकात आपल्या क्रीडा प्राधिकरणाने कर्नाटक-गुजरातमधल्या सिद्दी मुला-मुलींना निवडून ॲथलेटिक्सचं प्रशिक्षण द्यायची योजना काढली होती. विचार सरळ, पूर्वज आफ्रिकेतले म्हणजे ऑलिंपिक पदक नक्की. चांगली पोरं तयार होत होती, राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणत होती, आणि काही वर्षांत योजना गुंडाळली. पोरं परत शेतमजुरीला.

केनियाचे लांब पल्ल्याचे धावपटू मुख्यतः रिफ्ट व्हॅलीच्या एका भागातले, इटेनसारखी गावं समुद्रसपाटीपासून २४०० मीटरवर. नायजेरियातून वेगवान धावपटू येतात, मॅरेथॉनवाले नाही. आफ्रिका हा खंड आहे, गाव नव्हे, हे मुरूडच्या किनाऱ्यावरूनही दिसतं.

माजी_आठशे

परत येते, कारण मूळ मुद्दा बाजूला पडला. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक महासंघाने नियम पुन्हा बदललाय. आता महिला गटात जागतिक स्पर्धेला धावायचं तर एसआरवाय जनुकाची (सहसा वाय गुणसूत्रावर असणारं) चाचणी सगळ्यांनाच, आयुष्यात एकदा. गालाच्या आतून बोळा फिरवायचा किंवा रक्त द्यायचं. टोकियोच्या जागतिक स्पर्धेला ती लागू झाली. धागाकर्त्याची तक्रार 'संशय येईल तिचीच तपासणी' अशी होती. आता पोलंडची, ब्रिटनची, नामिबियाची सगळ्या एका रांगेत. मग आता हरकत काय?

तिसरा_लॅप

रांग एक झाली ही सुधारणाच, मान्य. पण नामिबियाच्या ख्रिस्तीन म्बोमा आणि बिआट्रिस मासिलिंगी बघा. दोघी अठरा वर्षांच्या, टोकियो ऑलिंपिकच्या महिनाभर आधी ४०० मीटरला बाद. म्बोमा मग २०० मीटर धावली आणि २१.८१ ला रौप्य. तेव्हा निदान दुसरी शर्यत उघडी होती. २०२३ नंतर तीही औषध घेतल्याशिवाय नाही. आता तर औषधाचाही प्रश्न उरला नाही, जनुक असलं की महिला गट जवळजवळ बंदच. नियोन्साबा ८०० वरून ५००० आणि १०,००० वर गेली, २००० मीटरचा विश्वविक्रम केला. तसा रस्ता आता कुणाला नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सेमेन्याला न्याय्य सुनावणी मिळाली नाही असा निकाल दिला. पण तो स्वित्झर्लंडच्या न्यायालयाविरुद्ध, नियम आहे तिथेच आहे.

ओपीडीतून

यात एक व्यावहारिक गोष्ट. फ्रान्समध्ये कायद्यामुळे अशी चाचणी करता येत नाही, त्यांच्या मुलींना ती देशाबाहेर करावी लागली. त्यांच्या संघटनेने ते जमवलं. बुरुंडीच्या संघटनेने कसं जमवायचं? आणि चाचणीपेक्षा निकाल सांगणं कठीण असतं. सतरा वर्षांच्या मुलीला 'तुझ्यात हे जनुक आहे' असं कोण सांगणार, कुठल्या भाषेत, आई-वडिलांसमोर की एकटीला, आणि गावात बातमी गेल्यावर तिच्या लग्नाचं, राहण्याचं काय? १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आठ जणींत हे जनुक सापडलं होतं, आठही जणींना खेळू दिलं आणि त्यांची नावं आजवर बाहेर आली नाहीत. गुप्तता पाळता येते, पाळायची ठरवली तर.

माजी_आठशे

डॉक्टर, हा मुद्दा घेते. चाचणीला माझा अजूनही पाठिंबा आहे, फक्त ती जिल्हा किंवा राज्य पातळीवर व्हावी, विमानात बसायच्या आठवड्यात नव्हे. आमच्या तालुक्याच्या निवड चाचणीला आधार कार्ड आणि जन्मदाखला मागतात, त्यासाठीही पोरींना दोन चकरा माराव्या लागतात. समुपदेशक वगैरे तर मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे राज्य संघटनेने यासाठी काही लिखित पद्धत ठेवली आहे का, कुणाला माहिती असेल तर इथे टाका. माझ्याकडे सध्या दोन पोरी आहेत, पुढच्या मोसमात राष्ट्रीयला जातील.